अर्धा सीझन, पूर्ण निकाल? १८-२१ची गोष्ट

दर जानेवारीत एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, चाहत्यांमध्ये एक मजकूर फिरायला लागतो. टीमचं नाव दरवर्षी बदलतं, बाकी सगळं तेच. सार साधारण असं: "४१ मॅच झाल्या, आता कारणं पुरेत. ८२ मॅचच्या सीझनचा अर्धा भाग म्हणजे भरपूर पुरावा. टेबलमध्ये जिथे आहात तीच तुमची लायकी. अटीतटीच्या मॅच हरणाऱ्या टीममध्ये दम नसतो. एक तर मोठा ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) करा, नाहीतर कोच हाकला. आणि दोन स्टार एकमेकांना बॉल देत नसतील, तर त्यातला एक विकून टाका."

मी बॉस्टन सेल्टिक्सचा चाहता. २०२२च्या जानेवारीत मी हा मजकूर नुसता वाचला नव्हता, चार जणांना पाठवलाही होता. तेव्हा आज त्याची चिरफाड करताना थोडी स्वतःचीही होणार, ते चालवून घ्या.

आधी मी तो पाठवला त्या दिवसाबद्दल. ६ जानेवारी २०२२, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सेल्टिक्स एका टप्प्यावर २५ पॉइंटनी पुढे होते. मग ती आघाडी पाझरत गेली. एव्हान फुर्निए, जो आदल्या सीझनला आमच्याचकडून खेळत होता, त्याने आमच्याच विरुद्ध ४१ पॉइंट ठोकले. तरी शेवटी आमच्या जेसन टेटमने १०५-१०५ अशी बरोबरी साधली आणि घड्याळात दोन सेकंदही उरले नव्हते. न्यूयॉर्कच्या निक्सनी बॉल बाहेरून कोर्टात टाकला, आर. जे. बॅरेटने लांबून थ्री (तीन पॉइंटचा शॉट) उचलला, बजर वाजला, बॉल बोर्डावर आपटला आणि जाळीत. बँक शॉट! शाळेच्या ग्राउंडवर असा शॉट पडला तर पोरं तो मानायला तयार होत नाहीत. १०८-१०५. सेल्टिक्सचे १८ विजय, २१ पराभव. मी फोन उचलला आणि मजकूर पुढे ढकलला.

त्यानंतरच्या ४३ मॅचपैकी याच टीमने ३३ जिंकल्या. ५१-३१, पूर्व विभागात (लीगच्या दोन भागांपैकी एक) दुसरा नंबर आणि जूनमध्ये थेट फायनल.

आता मुद्द्यांकडे. "४१ मॅच म्हणजे भरपूर पुरावा" हा त्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. आकडा मोठा आहे, मान्य. पण पुरावा नक्की कुणाविरुद्धचा? १८-२१ ही एका टीमची कामगिरी नव्हती, पाच-सहा वेगवेगळ्या टीमची बेरीज होती. टेटमच्या जोडीचा स्टार जेलन ब्राउन नोव्हेंबरात मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने बरेच दिवस बाहेर होता. डिसेंबरात कोविडच्या नियमांमुळे एवढे खेळाडू घरी बसले की टीमला जो जॉन्सनला दहा दिवसांच्या करारावर बोलवावं लागलं. वय वर्षं ४०. सेल्टिक्सनीच त्याला २००१च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) निवडलं होतं, म्हणजे वीस वर्षांनी गडी माहेरी आला. क्लीव्हलंडविरुद्ध मॅच संपता संपता दोन मिनिटं उतरला, एक जंपर (उडी मारून शॉट) टाकला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. फार गोड प्रसंग. पण त्या रात्रीच्या टीमचा आणि एप्रिलमध्ये प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) खेळलेल्या टीमचा एकमेकांशी संबंध किती? टेबलमध्ये दोघींचे विजय एकाच रकान्यात बसतात.

त्यात कोच नवा. ब्रॅड स्टीव्हन्स कोचच्या खुर्चीतून उठून मॅनेजमेंटच्या ऑफिसात गेला आणि इमे उडोका आला. त्याने येताच डिफेन्सची पद्धत बदलली. समोरच्याने पिक लावला, म्हणजे आपल्या वाटेत आडवा उभा राहिला, की आपण आपला माणूस सोडायचा आणि जवळ आलेला धरायचा, म्हणजे सरळ स्विच, आणि तोही जवळपास सगळ्यांनी. एरवी स्विचमध्ये अडचण होते ती उंच सेंटरची, कारण तो बाहेर छोट्या, चपळ गार्डसमोर सापडतो. म्हणून आपल्या सेंटरला, रॉबर्ट विल्यम्सला, त्या भानगडीतून बाहेर काढलं. त्याला समोरच्या टीमचा सगळ्यात कच्चा शूटर दिला, जो बहुतेक वेळा कोपऱ्यात उभा असतो. त्या माणसाला खुशाल मोकळं सोडायचं, बास्केटकडे सरकायचं आणि कुणी आत घुसलं की मागून येऊन ब्लॉक. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पाच जणांनी सतत बोलत राहावं लागतं: कोण सुटला, कोण धरतोय, मागे कोण आहे. एक जण अर्धा सेकंद गप्प बसला की मोकळा थ्री गेला. ही भाषा अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि स्मार्ट, ब्राउन, टेटम, हॉरफर्ड आणि विल्यम्स हे पाच जण त्या पहिल्या महिन्यांत एकत्र दिसत होते तरी कुठे? सीझन संपला तेव्हा डिफेन्सिव्ह रेटिंगमध्ये (समोरच्याला किती कमी पॉइंट करू दिले, त्याचा हिशेब) सेल्टिक्स लीगमध्ये पहिले होते. मार्कस स्मार्टला सर्वोत्तम डिफेंडरचा किताब मिळाला. १९९६च्या गॅरी पेटननंतर हा मान मिळवणारा तो पहिला गार्ड.

जानेवारीत हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. मी फक्त टेबल बघत होतो.

अटीतटीच्या मॅच आणि "दम" हा पुढचा मुद्दा. बॅरेटचा तो शॉट बोर्डाला दोन इंच इकडेतिकडे लागला असता तर मॅच ओव्हरटाइममध्ये गेली असती. टीम तीच, दमही तेवढाच, रेकॉर्ड मात्र कदाचित वेगळा. थोडक्यात हरायचं आणि जिंकताना धुऊन काढायचं, अशी टीम टेबलवर दिसते त्यापेक्षा बरी असते, हे बास्केटबॉलमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय. त्याच जानेवारीच्या २५ तारखेला सेल्टिक्सनी सॅक्रामेंटोला १२८-७५ असं लोळवलं. १५ फेब्रुवारीला फिलाडेल्फियात, त्यांच्या घरात जाऊन, १३५-८७. टेबलमध्ये ५३ पॉइंटचा विजय आणि बोर्डावर आपटलेल्या बॉलने झालेला पराभव यांचं वजन सारखंच.

पण इथे मजकुराला थोडं झुकतं माप द्यावं लागेल. ती २५ची आघाडी काही नशिबाने गेली नव्हती. दबाव आला की आमची पोरं बॉल फिरवणं बंद करायची. एकाने बॉल थोपटत उभं राहायचं, बाकीच्यांनी बघायचं, आणि शॉट-क्लॉक (शॉट घ्यायची ठरलेली मुदत) संपताना अवघड शॉट. ही खोड पूर्ण गेली नाही. फायनलच्या चौथ्या मॅचमध्ये, घरच्या कोर्टवर, शेवटची पाच-एक मिनिटं उरलेली असताना सेल्टिक्स ९४-९० असे पुढे होते. तिथून पुढे गोल्डन स्टेटने १७ पॉइंट केले, आमचे ३. त्यांच्या स्टीफन करीचे एकट्याचे त्या रात्री ४३. तेव्हा दोष खरा होता. चूक होती ती एवढ्या दोषावरून टीम निकालात काढण्यात.

"टेबलमध्ये जिथे आहात तीच लायकी" हे वाक्य वर असलेल्यांना कुणी लावून बघत नाही, ही मला गंमत वाटते. त्याच २०२२च्या जानेवारीत शिकागो बुल्स पूर्वेत पहिले होते. डीमार डिरोझनने ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी अशा लागोपाठच्या दोन रात्री बजरवर थ्री मारून मॅच जिंकून दिल्या होत्या. कसला दम म्हणता! मग जानेवारीच्या मध्यात लोन्झो बॉलचा गुडघा गेला, आठवड्याभरात अ‍ॅलेक्स करुसोचं मनगट मोडलं. बॉल आणि करुसो हे त्यांच्या डिफेन्सचे दोन खांब होते. बुल्स ४६-३६ वर थांबले, सहावे आले आणि पहिल्याच फेरीत मिलवॉकीने त्यांना ४-१ असं घरी पाठवलं.

आणि २०१६चं क्लीव्हलंड आठवा. बरोब्बर ४१ मॅच झालेल्या, ३० विजय, ११ पराभव, पूर्वेत पहिले. मजकुराच्या हिशेबाने कोचचा सत्कार व्हायला हवा होता. मॅनेजमेंटने २२ जानेवारीला डेव्हिड ब्लॅटला काढलं आणि टायरॉन लूला बसवलं. जूनमध्ये हीच टीम ७३-९वाल्या गोल्डन स्टेटविरुद्ध १-३ अशी मागे पडूनही चॅम्पियन झाली. ब्लॅट राहिला असता तर काय झालं असतं हे कुणीच सांगू शकणार नाही. पण ३०-११ बघूनही ज्यांना काहीतरी बिघडलेलं दिसत होतं, ते टेबलपलीकडचं बघत होते एवढं नक्की.

याचा अर्थ कोच हाकलणं हा रामबाण उपाय, असाही नाही. अटलांटाने २०२१मध्ये १४-२० असताना लॉइड पिअर्सला काढलं, नेट मॅकमिलनने उरलेल्या ३८पैकी २७ जिंकून दिल्या आणि टीम पूर्व विभागाच्या फायनलपर्यंत गेली. तिथे औषध लागू पडलं. सेल्टिक्सनी कोच ठेवला, तिथे तेही लागू पडलं. टीम कोचचं ऐकतेय की नाही हे बेंचवर बसलेल्यांच्या चेहऱ्यांवर बऱ्यापैकी कळतं, टेबलमध्ये नाही.

मोठ्या ट्रेडबद्दल थोडक्यात. लोक २०१५च्या क्लीव्हलंडचा दाखला देतात: १९-२० वरून ३४-९ची दौड, ट्रेड केले म्हणून. खरं आहे, पण आले कोण? जे. आर. स्मिथ, इमान शम्पर्ट, टिमोफे मोझगोव्ह. यातला एकही स्टार नाही. शिवाय त्याच सुमारास त्यांचा स्टार लेब्रॉन जेम्स आठ मॅच विश्रांती घेऊन परतला होता, आणि त्या आठपैकी सात टीम हरली होती, हे सोयीने विसरलं जातं. सेल्टिक्सनी २०२२च्या फेब्रुवारीत आणला डेरिक व्हाइट. मी तेव्हा तोंड वाकडं केलं होतं. शूटिंग बेताचं, नाव फारसं कुणाला माहीत नाही, आणि त्याच्यासाठी ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा निवडीचा हक्क द्यायचा? पण तो स्विचच्या त्या भाषेत आल्या दिवसापासून बोलायला लागला. पुढच्या वर्षी मायामीत सेकंदाच्या शेवटच्या दहाव्या भागात रिबाउंड (हुकून परतलेला बॉल) बास्केटमध्ये ढकलून त्याने सेल्टिक्सना स्पर्धेत जिवंत ठेवलं, तेव्हापासून मी त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढलेला नाही.

एका बाबतीत मात्र मजकूर बरोबर आहे, आणि ते मायामीच्या चाहत्यांना विचारा. २०१६-१७च्या सीझनमध्ये मायामी हीटच्या पहिल्या ४१ मॅच ११-३०, पुढच्या ४१ थेट ३०-११. आरशात बघावं तसा सीझन. शेवट ४१-४१ आणि शिकागोशी बरोबरी होऊन टायब्रेकरवर प्लेऑफ हुकले. टीम सुधारली होती का? नक्कीच. पण नोव्हेंबरातली मॅच एप्रिलच्या मॅचएवढीच मोजली जाते, आणि ते कर्ज कुणी माफ करत नाही. "सुधारतोय ना, मग झालं" म्हणणाऱ्या आम्हा आशावाद्यांनी हा सीझन मधूनमधून उघडून बघावा.

राहिला तो दोन स्टारांचा मुद्दा. याची सुरुवात बाहेरच्यांनी केली नव्हती, घरातूनच झाली होती. १ नोव्हेंबर २०२१ला बुल्सविरुद्ध शेवटचं क्वार्टर सुरू होताना सेल्टिक्स १०३-८९ असे पुढे होते. ते क्वार्टर ३९-११ने गेलं. मॅचनंतर मार्कस स्मार्ट पत्रकारांसमोर बसला आणि स्पष्टच बोलला, की बॉल टेटम आणि ब्राउनकडेच जाणार हे प्रत्येक टीमला माहीत आहे आणि या दोघांना पास द्यायला शिकावं लागेल. मग काय, दोघांपैकी कुणाला विकायचं यावर महिनोन्‌महिने चर्चा झडल्या. माझं मत ब्राउनला विकावं असं होतं. हे लेखी आहे, नाकारता येत नाही. २०२४ला सेल्टिक्स ६४-१८ खेळून चॅम्पियन झाले, डॅलसला ४-१ने हरवून, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला जेलन ब्राउन.

पण मला तो करंडक आठवत नाही. मला आठवते १७ एप्रिल २०२२, प्लेऑफची पहिलीच मॅच, समोर ब्रुकलिन. सेल्टिक्स ११३-११४ असे मागे. ब्रुकलिनच्या ड्युरांटचा थ्री हुकला, रिबाउंड आमच्याकडे, उडोकाने टाइमआउट घेतला नाही. ब्राउन बॉल घेऊन आत घुसला. नोव्हेंबरातला ब्राउन तिथूनच शॉट मारणार. त्याने तो बाहेर स्मार्टला दिला. स्मार्टने थ्री मारायची हूल दिली, अंगावर धावून आलेला डिफेंडर हवेत उडाला, आणि त्याला बाजूने जाऊ देऊन स्मार्ट एक पाऊल आत आला. घड्याळ संपत आलेलं. मी ओरडलो, "मार!" त्याने मारला नाही. खाली बास्केटकडे कापत आलेल्या टेटमला दिला. टेटम गरकन फिरला, बजरबरोबर लेअप, ११५-११४.

जानेवारीत ज्यांच्यातला एक मी विकायला काढला होता, ते दोघंही त्या एका चढाईत होते, आणि मधला पास त्यांची तक्रार करणाऱ्याचा होता.