कापडी डायपरला वेळ लागतो. तो कुणाचा, हे बाळ यायच्या आधी ठरवा

नव्याने आई होणाऱ्या मैत्रिणी मला हमखास विचारतात, कापडी डायपरमध्ये फार वेळ जातो का? याचं एक ठरलेलं उत्तर सगळीकडे मिळतं: "काही नाही गं, आठवड्याला दोन-तीन मशीन जास्त लागतात." मला हे उत्तर पटत नाही. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यावर विसंबून डझनभर डायपर मागवलेली बाई दीड-दोन महिन्यांत रडकुंडीला येते आणि 'बाकीच्यांना जमतं, मलाच कसं जमत नाही' म्हणून स्वतःला दोष देत बसते. हे मी ओळखीच्या किती जणींच्या बाबतीत पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी कापडीच्याच बाजूची आहे. आमची लेक डायपर सुटेपर्यंत कापडीवरच वाढली, आणि पुन्हा वेळ आली तर मी तेच वापरेन.

मशीन चालवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. बटण दाबलं की ते आपलं आपण चालतं. वेळ जातो तो त्याच्या आधी आणि नंतर. नवजात बाळाला दिवसातून दहा-बारा वेळा तरी बदलावं लागतं. दर वेळी कव्हर, म्हणजे बाहेरचं आवरण, आणि आतलं इन्सर्ट, म्हणजे शू शोषणारी कापडी घडी, वेगळं करायचं, शी असेल तर लगेच मोरीत धुवून काढायची, बाकीचं बादलीत कोरडंच ठेवायचं. भिजत घालून ठेवलं तर कव्हरच्या आतला पाणी अडवणारा थर आणि इलॅस्टिक दोन्ही लवकर जातात. दोन दिवसांच्या वर साठवायचं नाही, कारण आपल्या दमट हवेत शूचा उग्र वास कापडात बसतो आणि मग तो काढायला वेगळा खटाटोप. मशीनमध्ये आधी नुसत्या पाण्याची एक फेरी, मग साबणाची पूर्ण फेरी, मग साबण निघेपर्यंत खळबळणं. कपडे मऊ करणारं लिक्विड घालायचं नाही, त्याचा थर बसून कापड शोषेनासं होतं. पुरळावर लावायच्या क्रीमचंही तेच. आणि बांबू-कॉटनचं नवं इन्सर्ट चार-सहा वेळा धुतल्याशिवाय नीट शोषतच नाही, म्हणजे हे काम बाळाच्या जन्माआधीच सुरू होतं.

मग वाळत घालणं, काढणं, आणि प्रत्येक कव्हरच्या आतल्या खिशात इन्सर्ट सरळ भरणं. ते आत दुमडलं गेलं की तिथूनच गळतं, आणि दुपटं, चादर, अंगावरचे कपडे सगळं पुन्हा धुण्यात. विक्रोळीला कन्नमवार नगरात आमच्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं. म्हणजे धुण्याची वेळ आपल्या सोयीची नाही, पाण्याच्या सोयीची. रात्रभर जागलेल्या बाईला पहाटे त्याच वेळी उठावं लागतं.

या सगळ्यापेक्षा जास्त दमवणारी गोष्ट म्हणजे डोक्यात चाललेली मोजणी. किती कोरडे आहेत, किती दोरीवर आहेत, रात्रीला जाड इन्सर्ट उरलंय का, उद्या डोसला जायचंय तर पिशवीत किती घालू. ही मोजणी घड्याळात कुठेच दिसत नाही. ती थांबत मात्र नाही, जेवताना नाही की आंघोळीला गेल्यावर नाही.

आणि पावसाळा! मुंबईत हा प्रश्न जूनच्या मध्याला सुरू होतो तो सप्टेंबर संपेपर्यंत. कव्हर तासा-दोन तासांत वाळतं, त्याची काळजी नाही. इन्सर्ट मात्र जुलैत दोन-दोन दिवस ओलसर राहतात. हात लावला तर कोरडे वाटतात, पण बोटांनी दाबलं की आत गारवा लागतो. आपल्या घरांमध्ये ते घालायचे कुठे? छताच्या दांड्या, खुर्च्यांच्या पाठी, स्वयंपाकघराचं दार, सगळं भरून जातं. पंखा दिवसभर फुल्ल. शेवटी इस्त्री घेऊन एकेक इन्सर्ट कोरडं करत बसावं लागतं. परदेशातले व्हिडिओ पाहून जे वेळेचे हिशेब सांगितले जातात त्यांत आपला जुलै धरलेलाच नसतो. ज्यांची तारीख जून ते ऑगस्टमध्ये आहे त्यांनी कोणी सांगेल त्याच्या दीडपट तरी इन्सर्ट घ्यावेत. कव्हर तेवढीच चालतील.

आता मला सगळ्यात जास्त खुपणाऱ्या गोष्टीवर येते. पहिले सहा महिने बाळ फक्त अंगावरच्या दुधावर असतं, तोवर त्याची शी पातळ असते आणि पाण्याने सहज निघते. सहाव्या महिन्यानंतर पेज, नाचणीसत्त्व, मऊ भात सुरू झाला की तिचं रूपच बदलतं. ती आधी संडासात टाकायची, जेट मारून कापड धुवून काढायचं, मगच बादलीत. म्हणजे काम वाढतं ते सहाव्या महिन्यापासून. आणि नोकरदार आईची पगारी रजा किती? २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवडे, त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. नेमकं काम दुप्पट होतं तेव्हाच ती ठाण्याहून-कल्याणहून पुन्हा लोकलला लटकायला लागलेली असते. आणि बाळाचे वडील? केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत तर अशी रजा द्यायलाच हवी असा कायदा नाही. अशा वेळी आईने कापडी सोडून बाजारातला डायपर घेतला तर तिला पर्यावरणाचे धडे देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

"आमच्या वेळी कुठे होते हे डायपर? लंगोटांवरच वाढली ना पोरं!" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि ते खरंही आहे. जुन्या धोतराचे, साडीचे मऊ लंगोट, खाली दुपटं, त्याखाली मेणकापड. माझी आई गावाहून आली तेव्हा तिने हेच सुरू केलं. दूध पाजून झालं, बाळ झोपेतून उठलं की ती पाय लांब करून बसायची, लेकीला पायांवर बसवायची आणि तोंडाने शूऽऽ करायची. खरंच व्हायची तिला! कितीतरी लंगोट त्यामुळे वाचायचे. हे ज्ञान अस्सल आहे आणि ते टिकायला हवं असं मला फार वाटतं. पण ते चालत होतं कारण आई दिवसभर तिथे बसलेली होती, बाळाचा चेहरा वाचत. त्या काळी घरात आजी असायची, आत्या-मावशी असायच्या, न्हाऊ घालायला बाई यायची, कुठे बाळंतिणीचं धुणं धुवायलाही वेगळी बाई असायची. लंगोटाला वेळ तेव्हाही तेवढाच लागत होता, तो चार बायकांत वाटला जात होता आणि कुणी मोजत नव्हतं. आज त्या चौघींचं काम एकटीवर येतं आणि वर 'आमच्या वेळी' ऐकावं लागतं.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं आलं आहे. घरातल्यांचं करण्यात बायकांची १३७, पुरुषांची ७५. कापडी डायपर घरात आणला की ही मिनिटं वाढणारच. कुणाची वाढणार, एवढंच ठरवायचं असतं.

आमच्याकडे ते आधीच ठरलं होतं. बदलायचं काम जो जवळ असेल त्याचं, पण डायपरचं धुणं पूर्णपणे नवऱ्याचं. पूर्णपणे म्हणजे काय ते नीट सांगते, कारण बहुतेक घरांत इथेच घोळ होतो. 'तू सांग, मी मशीन लावतो' याला मी काम वाटून घेणं म्हणत नाही, कारण मोजणी बाईच्याच डोक्यात राहते. पाणी आलं की उठायचं त्याने, किती उरलेत ते बघायचं त्याने, पाऊस आला की दोरीवरचे आत घ्यायचे त्याने, संपले तर धावपळही त्याचीच. सासूबाईंना सुरुवातीला ते बघवेना. "अगं, तो दमून येतो गं," म्हणायच्या. मी म्हटलं, "आई, तुमच्या वेळी तुम्ही दमत नव्हता का?" त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून इन्सर्ट भरायला स्वतः त्याच्या शेजारी बसू लागल्या.

ज्यांच्याकडे धुण्या-भांड्याला बाई आहे त्यांनी हे काम गुपचूप तिच्या बादलीत सरकवू नये, ही कळकळीची विनंती. ते ठरलेल्या कामात नाही. विचारा, वेगळे पैसे ठरवा, आणि ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपवा. तिच्याही घरी धुणं असतं.

एवढा त्रास असताना मग कापडी वापरायचेच कशाला? माझ्यापुरतं उत्तर कांजूरमार्गला आहे. मुंबईचा बहुतेक कचरा आज तिथे जातो, आणि वारा फिरला की रात्री तो वास आमच्या खिडकीपर्यंत येतो. बाजारातल्या डायपरमध्ये प्लॅस्टिकचे थर असतात आणि शू शोषून जेल होणारी रसायनाची पूड असते, ते काही मातीत मिसळून जात नाही. घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेला डायपर नीट गुंडाळून वेगळा द्यायचा असतो. आपल्या किती बिल्डिंगमध्ये तसा दिला जातो ते आपल्याला माहीत आहे. तो शेवटी कुणीतरी हाताने वेगळा काढतं. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कापडी डायपरचा हवामानावरचा भार सुमारे २५ टक्के कमी आढळला, आणि ते जो भार टाकतात त्यातला मोठा वाटा धुण्या-वाळवण्याच्या विजेचा असतो. आपण तर दोरीवर वाळवतो. म्हणजे आपल्याकडे कापडी वापरायला कारण जास्तच आहे.

पण सगळं किंवा काहीच नाही, असा हट्ट धरू नका. दिवसा कापडी, रात्री बाजारातला, असं चालतं. पाळणाघरं बहुधा कापडी घेत नाहीत, तिथे दुसरा द्या. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धे-अर्धे करा. बाळ आजारी आहे, पाणीकपात चालू आहे, तुम्हाला ताप आहे, तर तेवढे दिवस थांबा आणि पुन्हा सुरू करा. दिवसातला एक डायपर कापडी असला तरी तेवढा कचरा कमी झाला.

लेकीची कव्हर अजून धड आहेत, टिचबटणंही शाबूत आहेत. विक्रोळी, भांडुप, मुलुंडकडे कुणाला हवी असतील तर मेसेज करा, पैसे नकोत. इन्सर्ट मात्र नवे घ्या, आमचे धुऊन धुऊन विरले आहेत. ते तारखेच्या महिनाभर आधी मागवा, म्हणजे धुवून तयार करायला वेळ मिळेल. आणि घ्यायला शक्यतो बाळाच्या बाबांनाच पाठवा, कसं धुवायचं ते मी त्यांना दाखवेन.