‘उंदरांचं सांगू नका, गॅरंटी द्या’ या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. म्हणणं असं, की वडिलांच्या लिव्हरसाठी हळदीचा ९५ टक्के करक्यूमिनवाला (करक्यूमिन म्हणजे हळदीतलं मुख्य पिवळं द्रव्य) अर्क मागितला तर काउंटरवरच्या मुलीनं मागवून द्यायला नकार दिला, मोबाइलवर दाखवलेलं संशोधन ‘हे उंदरांवरचं आहे’ म्हणून बाजूला सारलं, आणि आमची हळद शेजारच्यापेक्षा महाग आहे. शिवाय पार्किंग नाही. पार्किंगचं आधी उरकतो. लक्ष्मीपुरीत दुपारी गाडी लावायला जागा सापडली तर मलाही सांगा.

ती मुलगी माझी पुतणी. बी. फार्म. झालेली आहे, आणि शिकत असताना कॉलेजच्या प्राणिगृहात उंदरांना नळीनं डोस पाजायचं काम तिनं केलंय. तुम्ही गेल्यावर तिनं मला सगळं बसून समजावलं. माझ्या भाषेत सांगतो.

अशा प्रयोगांची पद्धत जवळजवळ ठरलेली असते. रॅट, म्हणजे मोठे पांढरे उंदीर, गटागटांत ठेवतात. एका गटाला काहीच देत नाहीत. दुसऱ्याला कार्बन टेट्राक्लोराइड नावाचं विष टोचतात. बाकीच्या गटांना आधी काही दिवस हळदीचा अर्क पाजतात आणि मग तेच विष. लिव्हरमध्ये ते विष मोडतं, त्यातून फ्री रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याला भिडणारे अस्थिर कण, सुटतात आणि पेशींच्या आवरणातल्या चरबीवर तुटून पडतात. बरणीतलं तेल खवट होतं, तसलीच ही क्रिया. आम्हा तेल-मसालेवाल्यांना ती वेगळी सांगावी लागत नाही. शरीराकडं याला आवर घालायला ग्लुटाथायोन, कॅटलेज असा स्वतःचा बंदोबस्त असतो. तो कमी पडला, की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. शेवटी उंदराचं रक्त आणि लिव्हर तपासतात. अर्क पाजलेल्या गटात एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते) कमी चढलेलं असतं, चरबीची नासाडी कमी दिसते, ग्लुटाथायोन टिकून असतं.

हे खोटं नाही. कितीतरी प्रयोगशाळांत असंच दिसलंय, आणि हळद विकणाऱ्या माणसाला ते आवडणारच.

पण तुमच्या वडिलांचं काय? एक तर अशा बहुतेक प्रयोगांत अर्क आधी आणि विष नंतर. तुम्हीच सांगितलंत, की त्यांना फॅटी लिव्हर आहे, शुगर आहे, बरीच वर्षं. एका दिवसात टोचलेल्या विषाचं आणि वर्षानुवर्षं साठत गेलेल्या दुखण्याचं गणित एक कसं धरायचं? दुसरं डोसचं. अशा अभ्यासांत उंदराच्या वजनाच्या किलोमागे २०० मिलिग्रॅम करक्यूमिन सर्रास दिसतं. रॅटचा डोस माणसासाठी काढताना ढोबळमानानं ६.२ नं भागतात. म्हणजे किलोला ३२ मिलिग्रॅम, साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे १.९ ग्रॅम. साध्या हळदीत करक्यूमिन तीन टक्क्यांच्या आसपास. हिशेब करा, रोज ६५ ग्रॅम हळद होते. चार माणसांच्या घराला आठवडाभर पुरेल एवढी.

उंदीर आपल्यासारखा नाही, हे तर आणखी वेगळंच. तो स्वतःचं क जीवनसत्त्व लिव्हरमध्ये बनवतो, आपल्याला आवळा-लिंबू खावं लागतं. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातला १९९८ चा अभ्यास आहे. मिऱ्यातलं पायपरिन सोबत दिल्यावर करक्यूमिनचं रक्तात उतरणं रॅटमध्ये १५४ टक्क्यांनी वाढलं, माणसांत २००० टक्क्यांनी. इतका फरक!

‘अँटिऑक्सिडंटच आहे, तोटा तर नाही ना’ असंही तुम्ही लिहिलंय. अँटिऑक्सिडंट म्हणजे वर सांगितलेल्या फ्री रॅडिकलना आवर घालणारं द्रव्य. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली होती. काहींना बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरातल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा त्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत याहून जवळची गोष्ट म्हणजे हळदीच्या कॅप्सूलनंच लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. इटलीत २०१९ मध्ये अशी प्रकरणं पुढं आली, ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकानं २०२३ मध्ये इशारा दिला. जास्त शोषली जाणारी, मिरे घातलेली कॅप्सूल आणि आधीच लिव्हरचा त्रास असलेला माणूस, इथं धोका जास्त, असं त्यात आहे. तुम्ही मागत होता तो अर्कही असाच, साध्या हळदीपेक्षा कितीतरी तीव्र. आम्ही ती ठेवत नाही, आणि ठेवली असती तरी तुम्हाला दिली नसती. आमटीतल्या चमचाभर हळदीला हा इशारा लागू नाही, ती खुशाल खा.

शेजारच्या दुकानात ‘महिन्यात रिपोर्ट नॉर्मल’ अशी गॅरंटी मिळाली म्हणता. खाण्याच्या मालावर रोग बरा करण्याचा दावा करायला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात मुभा नाही. फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं.

तिथून कॅप्सूल आणल्या असतील तर डबी घेऊन वडिलांच्या डॉक्टरांना दाखवा. शुगरच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा. ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून गप्प बसू नका. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, खाज सुटली, तर कॅप्सूल तिथंच थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दराचं म्हणाल तर आम्ही सांगलीहून राजापुरी हळकुंडं आणतो आणि डोळ्यांदेखत दळून देतो. ते स्वस्त पडत नाही. तुम्हाला शेजारची परवडत असेल तर तिथून घ्या, राग नाही.

स्टार एकच राहू द्या. पुतणीच्या नावापुढं ‘उद्धट’ लिहिलंय, तेवढा शब्द मात्र काढावा, ही विनंती.