कारवीच्या पिशवीवरच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

दोन तारे देताना तुम्ही कारणंही सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही तसंच देते. तुमचं म्हणणं असं, की साडेतीनशे रुपये फार झाले, मंडईबाहेर कापडी पिशवी तीस रुपयांत मिळते. धुतल्यावर आमची पिशवी आटली. तिच्यावरचं कारवीच्या फुलांचं चित्र म्हणजे नुसते जांभळे ठिपके. आणि सुती पिशवी प्लास्टिकपेक्षा निसर्गाला जड, तेव्हा ती निसर्गाला बरी हा आमचा दावाच खोटा. यातलं शेवटचं मला सगळ्यात लागलं. आधी तेच.

तुम्ही दिलेला १३१ चा आकडा बरोबर आहे. ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण संस्थेचा २०११ चा अहवाल सांगतो, की तापमानवाढीच्या हिशेबात एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कापसाला पाणी लागतं, खत आणि फवारणी लागते, हे मी कधीच नाकारणार नाही. पण आठवड्यातून दोनदा भाजीला नेलेली पिशवी सव्वा वर्षात तो आकडा गाठते. आम्ही जाड मांजरपाट घेतो आणि बंदांना दुहेरी शिवण घालतो ते ती त्याच्या पुष्कळ पुढे टिकावी म्हणूनच. डेन्मार्कच्या २०१८ च्या अहवालात याहून मोठे आकडे आहेत, पण उघड्यावर पडणारा कचरा त्यात धरलेलाच नाही, कारण त्यांच्याकडे तो नगण्य मानला. आपल्याकडे तो नगण्य कसा मानायचा? २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या गटारांत प्लास्टिकच्या पिशव्या होत्याच. म्हणून आमच्या स्टॉलवर आम्ही सरळ सांगतो: घरात चांगल्या कापडी पिशव्या असतील तर नवी घेऊ नका, आहेत त्या वापरा.

आता ती तीस रुपयांची पिशवी. मंडईबाहेर त्या भावात मिळते ती बहुतेक वेळा नॉन-वोव्हन असते. दिसायला कापड, पण मुळात पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. तिचा एक कोपरा कापून घराबाहेर, जपून, काडीवर धरा. वितळून गोळा झाला तर प्लास्टिक. सुताची कागदासारखी राख होते.

कारवीबद्दल मात्र मला हट्टाने लिहायचं आहे. ही सह्याद्रीतली झुडपं साधारण सात वर्षांनी एकदाच, डोंगरच्या डोंगर मिळून फुलतात, बी धरतात आणि मरतात. तिच्या काठ्यांचे कुड करून, शेणमातीने लिंपून कितीतरी घरं उभी राहिली. चित्रकर्तीने जवळून दिसणारं एक फूल काढलेलं नाही, तिने समोरचा अख्खा उतार काढला आहे. लांबून उतार तसाच दिसतो, वेगवेगळ्या जांभळ्या ठिपक्यांचा. ते ठिपके एकेक करून हाताने रंगवलेले आहेत, आणि त्यांना "नुसते" म्हणणं मला मान्य नाही.

चित्राचा हक्क तिचाच राहतो. आम्ही फक्त पिशवीवर छापण्याची परवानगी घेतो आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिशवीमागे तिला वाटा देतो. कापड, शिलाई, छपाई आणि हा वाटा मिळून किंमत होते. वाटा काढला तर पिशवी स्वस्त होईल, पण तशी ती मला विकायची नाही.

आटण्याचं म्हणाल, तर कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. पहिल्या धुण्यात ती जाते आणि कापड थोडं आटतं. तेवढं धरूनच आम्ही पिशवी मोठी बेततो, सोबतच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलंही आहे. धुताना उलटी करून गार पाण्यात धुवा, छपाईवरून इस्त्री फिरवू नका.

शिवण उसवली तर पाठवा, फुकट शिवून देऊ. आणि तरीही पिशवी नको असेल, तर वापरलेली, धुतलेली असली तरी परत करा. पूर्ण पैसे मिळतील.