नडगीचा बाक: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका. तुमच्या नातीची नडगी जन्मतः वाकडी होती आणि ऑपरेशनशिवाय सरळ झाली. म्हणून मी आईबापांना उगाच घाबरवते, असं तुमचं म्हणणं. शिवाय ऑपरेशननंतरही हाड परत मोडतं हे मीच लिहिलंय, मग करायचंच कशाला, हाही तुमचा सवाल.

नातीचं झालं ते खरंच आहे. पण बाक कुठल्या दिशेला होता? मागे आणि आत असेल, पाऊल वर दुमडून नडगीला टेकलेलं असेल, तर तो बाक बहुतेक वेळा वयाबरोबर आपोआप कमी होतो. माझ्या मुलाचा बाक पुढे आणि बाहेर होता, अंगावर चहाच्या रंगाचे डाग होते. हे दुखणंच वेगळं. अशा मुलांपैकी साधारण निम्म्यांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस असतो, म्हणजे अंगावर असे डाग आणि नसांवर गाठी आणणारा जनुकीय आजार. ही नडगी एकदा मोडली की नुसत्या प्लास्टरनं जुळत नाही, तिथे खोटा सांधा तयार होतो. मुलाचा पाय उचलला की नडगी मधेच हलायची; ते हातांना जाणवलेलं मी विसरू शकत नाही. म्हणून हाड शाबूत आहे तोवर ब्रेस, म्हणजे पायाला बाहेरून आधार देणारं कडक कवच, लावायचा, आणि केवळ बाक काढायला हाड कापू द्यायचं नाही, कारण तो कापच जुळत नाही. मालिश करून सरळ करायचा सल्ला तर कृपा करून कुणाला देऊ नका.

ऑपरेशनमध्ये हाडावरचं जाड झालेलं रोगट अस्तर काढतात, कंबरेच्या हाडाचा चुरा भरतात, आत रॉड घालतात. जोडीला बाहेरून इलिझारोव्ह रिंग, म्हणजे हाडातून तारा घालून पायाभोवती बसवलेली कड्यांची चौकट, लागू शकते. हाड जुळतं, पण जोड बारीक राहिला तर परत मोडतं. त्यावरच हाडांचे सर्जन डॉ. ड्रॉर पेली यांची क्रॉस-युनियन पद्धत आली: नडगी आणि शेजारचं बारीक हाड एकमेकांना जोडून जाडजूड जोड करायचा. रॉड आणि ब्रेस मात्र वाढ पूर्ण होईपर्यंत सांभाळायचे. परत मोडण्याची भीती आहे, म्हणूनच ही काळजी. ऑपरेशन टाळून खोटा सांधा जुळत नाही, काका. वारंवार ऑपरेशनं करून थकलेली काही कुटुंबं पाय कापून कृत्रिम पाय बसवतात. त्यांनाही मी हरलेले म्हणणार नाही, मूल धावायला लागतं.

आणि नातीच्या दोन्ही पायांची लांबी शेवटची कधी मोजली? बाक गेला तरी तो पाय आखूड राहतो आणि वाढीच्या वयात फरक वाढत जातो. तिला बालअस्थिरोगतज्ज्ञांकडे दाखवत राहा.