स्टेशनपासून दहा मिनिटं

घरमालक काकांचा फोन रविवारी सकाळी आला. रविवारी सकाळी घरमालक बाथरूमच्या गळतीबद्दल विचारायला फोन करत नाहीत. "मुलगा परत येतोय बंगळुरूहून, कायमचा," काका म्हणाले. पुढे इतक्या मायेने "सावकाश बघा हं, दोन महिने आहेत" म्हणाले की मी त्यांना थँक्यू म्हणून बसलो.

ठाण्याच्या नौपाड्यातलं हे आमचं तिसरं भाड्याचं घर. दर वेळी अकरा महिन्यांचा करार, तोच टेम्पोवाला, तेच लोखंडी कपाट आणि त्याचं तेच न लागणारं दार. बायको म्हणाली, "आता शेवटचा टेम्पो. स्वतःचं घ्यायचं."

स्वतःचं म्हणजे नौपाड्यात नाही, हे दोघांनाही न बोलता कळलं. नौपाड्यात घर कोणी विकत घेत नाही, ते आजोबांकडून येतं. तरी एक पाहिलं. चार मजले, लिफ्ट नाही, खाली स्कूटर तिरकी लावली तरच मावेल. वन बीएचकेचा भाव ऐकून मी एजंटला विचारलं, "अख्ख्या मजल्याचा का?" तो म्हणाला, "सर, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारे." जिन्यात भेटलेल्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हो, जाणारे. आमचे हे होते तेव्हापासून जाणारे."

माझ्या बाबांच्या मते ठाणे तीन हात नाक्याला संपतं. त्यापुढे त्यांच्या लेखी घोडबंदर, म्हणजे डबा घेऊन जायचं ठिकाण. जाहिरातींचं मात्र बरोबर उलटं. जाहिरातीतलं ठाणे खाडी ओलांडून भिवंडीच्या शेतात शिरतं, तिथून नवनवीन टोपणनावं घेत पुढे सरकत राहतं. 1853 साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला थांबली. हल्लीचे जाहिरातवाले तेव्हा असते तर कसाऱ्यापर्यंत "ठाणे आलं, ठाणे आलं" म्हणत त्यांनी ती थांबू दिली नसती.

मी बँकेत आहे, त्यामुळे संकट आलं की एक्सेल उघडतो. पहिल्या रकान्यात एरिया, मग भाव, पाणी, शाळा, पार्किंग, स्टेशन. प्रत्येकाला दहापैकी गुण. बायकोने बघितलं आणि शेवटी स्वतःचा एक रकाना घातला: "संध्याकाळी सातला उदास वाटतं का". मी म्हटलं, याला गुण कसे देणार? ती म्हणाली, "सात वाजता जाऊन उभं राहायचं आणि द्यायचे." मी हसलो. पुढे पार्किंगपेक्षा जास्त एरिया याच रकान्याने बाद केले.

पण खरा घात केला तो स्टेशनच्या रकान्याने, कारण त्यात प्रत्येक ठिकाणी एकच आकडा पडत होता. दहा मिनिटं. कोलशेत, दहा मिनिटं. बाळकुम, दहा मिनिटं. कासारवडवली, "सर, टेन मिनिट्स, मॅक्स."

यामागची माझी थिअरी सांगतो. 2017 च्या मे महिन्यात महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं प्राधिकरण, आलं आणि घर कार्पेट एरियावरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवरच, विकायचं असं ठरलं. त्याआधी सुपर बिल्टअप नावाचा प्रकार जोरात होता. जिना, लॉबी, लिफ्टचा खड्डा, सगळ्यातला वाटा तुमच्या फुटांत धरायचे आणि साडेनऊशे फुटांच्या घरात प्रत्यक्ष सतरंजी अंथरली की ती भिंतीला अडायची. कायद्याने ती ताणाताणी बंद केली. मग एवढी वर्षं कमावलेली कला वाया कशी घालवणार? फूट ताणता येत नाहीत, म्हणून आता मिनिटं आखडतात. कार्पेट मिनिट आणि सुपर बिल्टअप मिनिट असा फरक करणारा कायदा अजून यायचा आहे.

बायकोने यावर उपाय काढला. "घर घ्यायच्या आधी तिथे एक दिवस राहून बघायचं." राहून म्हणजे? "म्हणजे तिथून ऑफिसला जायचं." थोडक्यात, रंगीत तालीम.

म्हणून एका मंगळवारी सकाळी साडेसहाला आम्ही नौपाड्यातून, म्हणजे स्टेशनपासून खरोखर दहा मिनिटांवरच्या घरातून, डबे घेऊन निघालो आणि दहा-अकरा किलोमीटर उलटं कासारवडवलीला गेलो. कशासाठी, तर तिथून परत स्टेशनला यायला. जाताना रस्ता मोकळा होता. मी म्हटलं, बघ, उगाच बदनाम करतात. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला साडेआठला कळला.

पावणेआठला रांगेत उभे राहिलो. डोक्यावर मेट्रोचे खांब. वडाळ्याहून कासारवडवली आणि पुढे गायमुखपर्यंतची ही मेट्रो 4. तिच्या सावलीत उभं राहायची सोय तेवढी झालेली होती. शेजारून उरणच्या बंदरातले कंटेनर अहमदाबादच्या दिशेने चाललेले. एकेक ट्रेलर आमच्या इमारतीएवढा, आणि तोही रिडेव्हलपमेंटला निघाल्यासारखा सावकाश. बस आली, भरलेलीच आली, गेली. शेअर रिक्षा आली की रांग तीन माणसांनी पुढे सरकायची आणि मागे पाच माणसं यायची.

आमच्या पुढे पन्नाशीचे एक गृहस्थ होते. सॅक पोटावर, कॉलरच्या आत रुमालाची घडी, हातात गुंडाळलेला पेपर. त्यांनी आमच्याकडे दोनदा वळून बघितलं.

"नवीन राहायला आलात का?"

"नाही, अजून घेतलं नाही."

"मग पाहुण्यांकडे?"

"नाही, नौपाड्यात राहतो."

"मग इथे कशाला उभे आहात?"

"बघायला," बायको म्हणाली. "सकाळी कसं असतं ते."

हे ऐकून रांगेतली पुढची चार डोकी वळली. एका बाईंनी कानातलं इअरफोनचं बोंडूक काढलं. इथे नौपाड्यात राहण्यासाठी लोक दात विकायला तयार आहेत आणि हे दोघं तिथून येऊन हौसेने आमच्या रांगेत उभे, असं त्या चेहऱ्यांवर स्पष्ट होतं. पण कोणी तसं बोललं नाही. उलट काका म्हणाले, "घ्या, घ्या. एरिया फार छान आहे."

"ट्रॅफिक?"

"ट्रॅफिक कुठे नाही? हवा बघा ना. मागे येऊरचं जंगल, समोर खाडी. रात्री पंखा लावायला लागत नाही."

"पाणी?"

"टँकर वेळेवर येतो," ते अभिमानाने म्हणाले.

"आणि मेट्रो झाल्यावर तर..." इअरफोनवाल्या बाई म्हणाल्या. वाक्य पूर्ण करायची गरज नव्हती. ते रांगेतल्या सगळ्यांनी मनात एकदम पूर्ण केलं. देवळात आरती संपताना होते तशी एक शांतता पसरली.

आठ पंचवीस झाले तेव्हा काका चाळीस मिनिटं एकाच फरशीवर उभे होते आणि मला पटवत होते की इथून सगळीकडे जायला सोपं पडतं. आमच्या बँकेत गृहकर्ज घेतलेला माणूस मी ओळखतो. वीस वर्षं ज्या गोष्टीचा हप्ता भरायचा तिला नावं ठेवून कसं चालेल? पण एवढं निर्व्याज प्रेम मी कर्जाच्या फाइलीत बघितलेलं नव्हतं. स्टेशनला पोहोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. एक्सेलमध्ये दहा खोडून "एकशे पाच" लिहिलं.

बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग येऊरच्या पायथ्याशी बघा. झाडं आहेत." तिथल्या ब्रोशरवर "फॉरेस्ट व्ह्यू" असतं. या व्ह्यूचं एक असतं, आपण जंगलाकडे बघतो तसं जंगलही आपल्याकडे बघतं. 2019 च्या फेब्रुवारीत बिबट्या ठाण्याच्या एका मॉलमध्ये शिरला होता, पार्किंगच्या कॅमेऱ्यात दिसला. बाबांना बिबट्याचं काही नाही वाटलं. "त्याला पार्किंग मिळालं?" एवढंच त्यांनी विचारलं.

मधल्या एका शनिवारी खारघरला गेलो, मेहुण्याकडे. नवी मुंबईकर हा एक वेगळा पंथ आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली 1970 साली, पण रस्त्याची रुंदी मेहुणा अशी दाखवतो जणू काल त्यानेच टेप धरली होती. "भावोजी, फुटपाथ बघा. फुटपाथवरून चालता येतं!" चाललो. खरंच येतं. आम्ही ठाणेकर सवयीने दोनदा रस्त्यावर उतरलो. मग बेलापूर ते पेंधर मेट्रोत बसवलं. ही 2023 पासून धावते आहे, अकरा स्टेशनं, बसायला जागा. बायको खिडकीशी इतकी खूश झाली की मला भीती वाटली. तिचं ऑफिस ऐरोलीला, तिला ट्रान्सहार्बर लोकल सोयीची. माझं फोर्टला, मला हार्बरने तास-सव्वा तास. शिवाय पत्ता सापडत नाही. सेक्टर 12 नंतर 13 येईल ही अपेक्षा गणिताच्या पेपरात ठेवावी.

मेहुण्याचं एक दुःख मात्र जेवताना बाहेर आलं. तो पत्त्यात नवी मुंबई लिहितो आणि मालमत्ता कर पनवेल महापालिकेला भरतो, कारण 2016 मध्ये खारघर तिकडे गेलं. मी हळूच म्हटलं, "म्हणजे तुम्ही पनवेलकर." जेवण झाल्यावर आइस्क्रीम येणार होतं, ते आलं नाही. निघताना मात्र दारात उभं राहून त्याने शेवटचं अस्त्र काढलं: "विमानतळ!" त्याचं भूमिपूजन 2018 ला, उद्घाटन 2025 च्या ऑक्टोबरात. मी त्याला विचारलं, गेल्या पाच वर्षांत विमानात किती वेळा बसलास? तो म्हणाला, "प्रश्न बसायचा नाही, रेटचा आहे."

बायकोने सातला खारघरच्या रुंद, रिकाम्या, सुंदर रस्त्यावर उभं राहून बघितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कोथिंबीर घ्यायची असेल तर कोणाला हाक मारायची?" चार गुण.

मग उरलं कळवा. आतेबहीण तिथे राहते आणि "आम्ही ठाण्यातच" असं न विचारता सांगते. ते खरंही आहे, कळवा ठाणे महापालिकेतच येतं. पण खाडीच्या अलीकडचे लोक ते मान्य करताना पुलावरून पाणी वाहत असल्यासारखा चेहरा करतात. फास्ट गाडी कळव्याला थांबत नाही. आतेबहिणीचे मिस्टर म्हणाले, "स्लोने ठाण्याला यायचं, तिथे फास्ट पकडायची. सोपं आहे. फक्त चढता आलं पाहिजे." ते स्वतः कसे चढतात ते त्यांनी हॉलमध्ये करून दाखवलं. शोकेसमधली एक बाहुली पडली. भाव मात्र आमच्या हिशोबात बसत होता. खारेगावच्या बाजूला एक बांधकाम चालू होतं, तिथला सॅम्पल फ्लॅट बघायचं ठरलं.

सॅम्पल फ्लॅट म्हणजे ज्यात कोणी राहू शकणार नाही असं घर. खोल्यांना दारं नव्हती, दार उघडायला लागणारी जागा दिसू नये म्हणून. कपाटाच्या जागी आरसा, म्हणजे बेडरूम दुप्पट आणि गिऱ्हाईकही दुप्पट. टेबलावर प्लास्टिकची चार हिरवी सफरचंदं. फ्रिज पुठ्ठ्याचा. माझा पलंगावर संशय बसला म्हणून मी चपला काढून त्यावर आडवा झालो. घोट्यापासून पुढचे पाय हवेत. उंची पाच फूट सात इंच, काही अमिताभ नाही.

"सर, प्लीज, तो डिस्प्लेचा आहे," सेल्सवाली मुलगी म्हणाली.

"पण माणूस डिस्प्लेचा नाही ना," मी पडल्या पडल्या म्हटलं.

बायको तोवर हिशोब विचारत होती. जीएसटी पाच टक्के, ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आलेलं घर घेतलं तर तो लागत नाही. स्टॅम्प ड्युटी सात टक्के. "आणि मॅडम, फक्त तुमच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी." मी पलंगावरून उठून बसलो. बायको गोड हसली. आमच्या नऊ वर्षांच्या संसारात एका टक्क्याने एवढा आनंद तिला कधी झालेला नाही.

तेवढ्यात बाल्कनीतून एक गृहस्थ आत आले. पोटावर सॅक, कॉलरमध्ये रुमालाची घडी, हातात गुंडाळलेलं ब्रोशर. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना. पळायला दोघांनाही वाट होती, पण सॅम्पल फ्लॅटमध्ये लपायला दारच नसतं. दोघंही थोडा वेळ पुठ्ठ्याच्या फ्रिजकडे बघत राहिलो.

"काका, तुम्ही इकडे?" शेवटी बायकोने विचारलं.

"सहज," ते म्हणाले. "म्हणजे, बघायला. तुम्ही घेतलंत का मग तिकडे?"

"नाही, अजून काही ठरत नाही."

त्यांनी सेल्सवाल्या मुलीकडे बघितलं. ती फोनवर कोणाला तरी स्टेशनचं अंतर सांगत होती. काका आमच्या जवळ सरकले, सॅक पोटावर घट्ट धरली आणि आवाज खाली आणला.

"आमचा काढायचाय तिकडचा. टू बीएचके, चौदावा मजला, हॉलमधून खाडी दिसते. मध्ये एजंट नको, घरचेच समजून सांगतो."

बायकोने सवयीने मोबाइलमध्ये एक्सेल उघडलं आणि नवी ओळ घेतली.

"स्टेशनपासून किती, काका?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग सफरचंदांकडे.

"दहा मिनिटं," ते म्हणाले.