पाण्याकडेने, पण पाण्याकडे न पाहता

पुण्यात वाकड्या हँडलची आणि बोटभर रुंदीच्या टायरांची सायकल नव्याने घेणाऱ्याला पहिल्या महिनाभरातच एक साक्षात्कार होतो, तो असा की या शहरातून बाहेर पडायचे म्हटले की बहुतेक दिशांना चढ आहे. दक्षिणेला कात्रज, त्याच्या पलीकडे बोपदेव आणि दिवे घाट, नैर्ऋत्येला खुद्द सिंहगड. गुडघे शाबूत ठेवून मोबाइलवर पन्नास किलोमीटरचा आकडा उमटवायचा असेल, तर सल्ला पाण्याचा घ्यावा. पाण्याला चढ चढता येत नाही आणि आपल्यालाही येत नाही. इतका समदुःखी सोबती सोडून डोंगरात जाण्याचे काही कारण नाही. म्हणून कालव्याच्या आणि नदीच्या कडेने सायकल कशी चालवावी याविषयी चार उपयुक्त गोष्टी येथे सांगत आहे. मूलमंत्र आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका होईल: पाण्याच्या कडेने जावे, पाण्याकडे पाहू नये.

आरंभ खडकवासल्याहून करावा. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात इंग्रजांनी बांधलेल्या या धरणातून निघणारा मुठा उजवा कालवा शहर ओलांडून हडपसर, फुरसुंगी, लोणी काळभोर, यवत असे करत थेट दौंड-इंदापूरकडे जातो आणि त्याची लांबी दोनशे किलोमीटरच्या घरात भरते. कालवा आखणारा अभियंता डोंगराच्या समान उंचीच्या रेषेला धरून चालतो आणि पाणी आपल्या वजनाने पुढे सरकेल पण काठ खरवडणार नाही, इतकाच नावापुरता उतार देतो. नदी खाली खाली जात राहते आणि कालवा मात्र आपली उंची जपत वळणे घेत तिच्या डोक्यावरून निघतो. सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की येथे गिअर बदलण्याचे कष्ट नाहीत. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी येथे पहिला कालवा आखणाऱ्या अभियंत्यांच्या डोळ्यांसमोर दुष्काळी मुलूख आणि लष्कराची छावणी होती असे इतिहास सांगतो. पण त्यांना आपल्या सरासरी वेगाचीही काळजी असावी, असे मानायला जागा आहे.

भरावावरचा रस्ता पाटबंधारे खात्याचा असून त्यावर प्रवेशास मनाई असल्याचे फलक ठिकठिकाणी आढळतील. हे फलक वाचण्यासाठी नसून सायकल टेकवून छायाचित्र काढण्यासाठी आहेत, हे नवख्या मंडळींच्या लवकर लक्षात येत नाही. फलकापुढे बहुधा एक लोखंडी आडवा खांब असतो आणि खांबाच्या शेजारी दुचाकीस्वारांनी वर्षानुवर्षे घासून तयार केलेली वाट असते. त्या वाटेने जावे. परंपरेचा मान राखावा.

कालव्याची सोबत हवी पण पाणी नको, अशी ज्यांची नाजूक प्रकृती असेल त्यांच्यासाठी शहराने डाव्या कालव्याची सोय करून ठेवली आहे. या कालव्याचा शहरातला बराचसा भाग कधीच बुजला. त्यावरून आता डांबरी रस्ते गेले आहेत. कर्वेनगरात आणि मॉडेल कॉलनीत ‘कॅनॉल रोड’ या नावाचे रस्ते आहेत, त्यांवर दुतर्फा लावलेल्या मोटारी आहेत, चहाची दुकाने आहेत, फक्त कॅनॉल नाही. उन्हाळ्यात आटत नाही, पावसाळ्यात फुटत नाही असा हा आदर्श जलमार्ग होय. उजव्या कालव्यालाही हेच भाग्य लाभावे अशी चिन्हे आहेत. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगदा खोदून त्यातून पाणी नेण्याची योजना आखलेली आहे. गळती थांबेल, बाष्पीभवन टळेल, चोरी बंद होईल, ही सगळी कारणे खरी आहेत. आणि वर मोकळ्या होणाऱ्या जागेकडे कोणाचेही लक्ष नाही, हे तर त्याहून खरे आहे.

तोवर जो उघडा कालवा उरला आहे, त्याच्या कडेने जाताना थोडी सावधगिरी बाळगावी. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाच्या वरच्या अंगाला, जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि खालच्या वस्तीतल्या शेकडो घरांत पाणी शिरले. भांडी, गाद्या, पोरांची दप्तरे रस्त्यावर आली. उंदीर, घुशी आणि खेकडे यांनी भराव पोखरल्यामुळे हे घडले, असा खुलासा तत्कालीन जलसंपदामंत्र्यांनी केला होता. त्यामुळे भरावावर खेकडा दिसल्यास वेग कमी करावा, घंटी वाजवावी आणि तो रस्ता ओलांडेपर्यंत एक पाय जमिनीवर टेकून अदबीने थांबावे. एवढी मोठी जबाबदारी ज्याच्या शिरावर टाकली गेली, त्याच्याशी उर्मटपणे वागू नये.

आवर्तन चालू असताना, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलेले असताना, शहरातल्या कालव्यावर सकाळी बरीच वर्दळ असते. पर्वतीच्या परिसरात एक बाई गोधडी धूत होत्या, ती अशी: गोधडीचे एक टोक काठावरच्या दगडाखाली अडकवलेले, बाकीची सगळी प्रवाहात सोडलेली, लाल-हिरव्या ठिगळांची ती लांबट मासळी पाण्यात सळसळते आहे आणि बाई काठावर उकिडव्या बसून बोटांनी साबणाच्या वडीचा शेवटचा तुकडा घासत आहेत. मी पाहत राहिलो आणि पुढचे चाक खड्ड्यात गेले. मूलमंत्र मी उगाच सांगितलेला नाही.

कुत्र्यांविषयी जास्त लिहीत नाही. ते पाळीने येतात, हद्दीपर्यंत पोहोचवतात आणि पुढच्या चमूच्या स्वाधीन करतात. इतकी शिस्तबद्ध हस्तांतरणाची पद्धत या शहरात अन्यत्र आढळत नाही.

आता मुठा नदीकडे वळावे. म्हात्रे पुलापासून ओंकारेश्वराच्या बाजूला जाणारा नदीपात्रातील रस्ता हा सायकलीसाठी फारच सोयीचा आहे, कारण त्याला सिग्नल नाहीत. रस्ता नदीच्या पात्रात कसा, असा प्रश्न परगावचे पाहुणे विचारतात. त्यांना सांगावे की पुण्यात रस्ता नदीत नसतो, नदी अधूनमधून रस्त्यावर येते. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, तो पाण्याखाली गेल्याची बातमी येते, आणि पूल कसा बुडाला ते पाहण्यासाठी माणसे वरच्या पुलांवर गर्दी करतात. हा आमचा बिनतारखेचा वार्षिक उत्सव आहे. ध्वनिक्षेपकावरून पात्रातील वाहने हलवण्याचे आवाहन होते. ज्यांची वाहने वाहून जातात त्यांना हे आवाहन ऐकू आलेले नसते, कारण ते वरच्या पुलावर उभे असतात.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या, हे पुण्यातल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी सांगितलेले असते. त्या आठवणीचा आदर म्हणून आपण नदीपासून चार हात दूर घरे बांधू लागलो असे कोणी समजेल. तसे काही झाले नाही. २५ जुलै २०२४ रोजी ३५ हजार क्यूसेकच्या आसपास पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत बोटी फिरल्या. पूर्वसूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. नदी तेथेच होती आणि गृहप्रकल्पांच्या जाहिरातींतला ‘रिव्हर व्ह्यू’ दोन्ही पक्षांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेला नव्हता, एवढेच फार तर म्हणता येईल.

संगमावर मुळा येऊन मिळते. तेथून बंडगार्डनकडे जाताना नाकाने श्वास घेऊ नये. तोंडानेही शक्यतो घेऊ नये. मुळा, मुठा आणि एकत्र झालेली मुळा-मुठा अशी तिन्ही पात्रे मिळून सुमारे ४४ किलोमीटरच्या काठाच्या सुशोभीकरणाचा प्रकल्प याच पट्ट्यात आधी हाती घेतला गेला असून, त्याच्या संकल्पचित्रांमध्ये निळेशार पाणी, दगडी पायऱ्या आणि हेल्मेट घातलेले प्रसन्न सायकलस्वार आहेत. मी त्या चित्रांत बराच वेळ स्वतःला शोधले. चित्रातल्या माणसांच्या तोंडाला रुमाल बांधलेला नसल्यामुळे ओळख पटली नाही. आधी काठ आणि मग पाणी, हा क्रम मात्र मला मनापासून पटतो. पाहुणे यायच्या आधी आपण ओसरी झाडतो आणि मोरीचे दार ओढून घेतो, त्यातलाच हा प्रकार.

पुढे मुंढव्याला एक उद्बोधक गोष्ट घडते. धरणातून कालव्याने आणि जलवाहिन्यांनी शहरात आलेले पाणी आपण पितो, त्याने न्हातो, गाड्या धुतो आणि मैलापाणी म्हणून नदीच्या दिशेने सोडतो. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीतून, प्रक्रिया केलेले हेच पाणी उचलून जुन्या कालव्यात टाकले जाते. या जुन्या कालव्याला ‘बेबी कालवा’ म्हणतात. शहराने वापरून टाकलेले पाणी बेबीच्या तोंडी घालायचे, आणि त्यावर पिकलेली भाजी मंडईत आली की ‘ताजी आहे ना?’ असे विचारून दोन रुपये कमी करून घ्यायचे, हे चक्र सायकलच्या कोणत्याही चक्रापेक्षा सुरळीत फिरते. त्याला तेलही लागत नाही.

मार्गाचा शेवट सोलापूर रस्त्याने कवडीपाटला करावा. हिवाळ्यात तेथे चक्रवाक येतात, चित्रबलाक येतात आणि पहाटे साडेसहाला तोफेएवढ्या लेन्स घेतलेले छायाचित्रकार येतात. छायाचित्रकारांचे कसब असे की त्यांच्या चित्रात पक्षी येतो, पण पक्ष्याच्या पायाशी असलेली जलपर्णी, प्लास्टिकची पिशवी आणि जुन्या बंधाऱ्याखाली साचलेला हातभर उंचीचा पांढरा फेस येत नाही. पाण्याकडे न पाहण्याची कला ज्यांना शिकायची असेल त्यांनी या मंडळींच्या मागे पाच मिनिटे उभे राहावे.

मी तेथे उभा होतो तेव्हा माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा होता. जादा ट्यूब मी आणली नव्हती, कारण तिच्या वजनाने वेग कमी होतो असे मला सांगण्यात आले होते. पॅच होते, पंप होता, पण भोक सापडेना. दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकलवरून एक गृहस्थ आले, थांबले, आणि त्यांनी रीतीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला.

“केवढ्याला घेतली?”

मी रीतीप्रमाणे एक शून्य कमी करून सांगितले.

“एवढ्यात जुनी स्प्लेंडर आली असती की, सर,” असे म्हणून त्यांनी गाडी स्टँडवर लावली. कापलेला एक प्लास्टिकचा कॅन शोधून काढला, बंधाऱ्याखाली उतरून त्यात पाणी भरून आणले आणि माझ्यापुढे ठेवले. “ह्यात बुडवा ट्यूब. बुडबुडे निघतील तिथं भोक.”

ट्यूबमध्ये हवा भरून मी ती बुडवली. आम्ही दोघेही वाकून पाहू लागलो. त्या सकाळी पहिल्यांदाच मी पाण्याकडे टक लावून पाहत होतो. बुडबुडे ट्यूबच्या डावीकडून येत होते, उजवीकडून येत होते, ट्यूब नव्हती तिथूनही येत होते. मी ट्यूब बाहेर काढली, तरी ते येतच राहिले.

गृहस्थांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि कॅन पालथा केला.

“हे नाय चालायचं,” ते म्हणाले. “थांबा जरा. घरून पाणी घेऊन येतो.”