एमडीआर टीबी आणि ‘गोळ्या सोडणारे बेफिकीर’

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. औषधांना दाद न देणारा टीबी, म्हणजे एमडीआर, हा गोळ्या मध्येच सोडणाऱ्या बेफिकीर, व्यसनी लोकांनाच होतो. झोपडपट्टीबाहेर तो नसतो. झाला की माणूस गेलाच. आणि रुग्णाचं ताट-वाटी वेगळं ठेवा.

पहिल्या दाव्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो खपतो. २०१४ ते २०१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आधी उपचार घेतलेल्या रुग्णांपैकी ११.६० टक्के लोकांत एमडीआर सापडला. पण त्याच सर्वेक्षणात नव्या रुग्णांतही तो २.८४ टक्के होता. टक्का लहान वाटतो, पण एकूण रुग्णांत नव्यांचीच संख्या कितीतरी मोठी असते. त्यांनी कोणता कोर्स सोडला होता? रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणारा जंतूच त्यांच्या फुप्फुसात शिरला, दुसऱ्या कुणाच्या तरी खोकल्यातून.

बरं, उपचार बिघडले तर खापर रुग्णावरच का? मुंबईतले छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीतल्या १०६ खासगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितली होती. २०१०मध्ये ते निष्कर्ष छापून आले: औषधांचे ६३ वेगवेगळे मेळ, त्यातले बरोबर फक्त ६ डॉक्टरांचे. एमडीआरची योग्य चिठ्ठी तर तिघांनाच जमली. अशी चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे गेलेला माणूस एकही गोळी न चुकवता जंतूला औषधांपुढे निर्ढावलेला बनवू शकतो. त्याला बेफिकीर म्हणणं मला तरी संतापजनक वाटतं.

झोपडपट्टीचं म्हणाल, तर गर्दी आणि कोंदट हवा टीबीला पोसते हे खरंच. पण मुंबईत गोवंडीतलं नटवर पारेख कंपाउंड ही झोपडपट्टी नाही, पुनर्वसनाच्या पक्क्या इमारती आहेत. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. खालच्या मजल्यांवर ना ऊन, ना वारा. टीबीचे रुग्ण तिथेही भरपूर. शिवाय टीबी वॉर्डात काम करणाऱ्या नर्स आणि निवासी डॉक्टर यांनाही एमडीआर होतो. मधुमेह किंवा एचआयव्ही असेल, पोटाला पुरेसं मिळत नसेल, तर शरीरात दबून राहिलेला जंतू डोकं वर काढण्याची शक्यता वाढते. त्यासाठी दारू प्यावी लागत नाही.

‘माणूस गेलाच’ हे तर साफ चूक. पूर्वी उपचार दोन वर्षांपर्यंत चालायचे, महिनोन्‌महिने इंजेक्शनं टोचून घ्यावी लागायची आणि त्यांनी काहींचे कान जायचे. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या उपचाराला मान्यता दिली. तो सहा महिन्यांचा आहे, फक्त गोळ्यांचा. सगळ्यांना तो चालतोच असं नाही, ते डॉक्टर ठरवतात. आधी बेडका सीबीनॅट या जंतूची जनुकं तपासणाऱ्या मशीनवर तपासून घ्यायचा. रिफाम्पिसिन चालेल की नाही हे मशीन सुमारे दोन तासांत सांगतं.

ताट-वाटीने टीबी पसरत नाही. रुग्णाने मास्क लावावा, खिडकी उघडी ठेवावी, घरातल्यांनी तपासणी करून घ्यावी आणि जेवायला सगळ्यांनी एकत्र बसावं.